मे महिन्यात गावाला कुठे जाणार? इंग्रजीच्या तासाला मुलांचं घर कसं आणावं

आठवीच्या वर्गाला दर जूनमध्ये मी एकच निबंध द्यायचे: 'माय व्हिलेज'. एका वर्षी घणसोली गावठाणातली एक मुलगी वही कोरी ठेवून बसली. विचारलं तर म्हणाली, "बाई, आमचं गाव हेच. सुट्टीत आम्ही कुठे जात नाही." तिच्या शेजारच्या बाकावर साताऱ्याकडच्या माथाडी कुटुंबातला मुलगा भराभर लिहीत होता, पण गाइडातलं. त्याच्या निबंधातलं गाव नदीकाठी होतं. खऱ्या गावात एक ओढा होता आणि तो संक्रांतीपर्यंत आटायचा.

नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ सिडको 1970 साली स्थापन झालं आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या 95 गावांच्या जमिनी घेण्यात आल्या. घणसोली त्यांतलंच. म्हणजे त्या मुलीला गाव होतंच, शहर चालत तिच्या दारात आलं होतं. त्यावर तिची आजी तासभर बोलली असती. माझ्या निबंधाच्या विषयाने मात्र तिला कोरं बसवलं आणि त्या मुलाला खोटं लिहायला लावलं.

मराठी माध्यमाच्या शाळेत आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. मुलांचं घर आणि त्यांची संस्कृती धरून शिकवायचं, या विचाराला अमेरिकेत 1995 च्या सुमारास शिक्षणतज्ज्ञ ग्लोरिया लॅडसन-बिलिंग्ज यांनी नीट रूप दिलं. कृष्णवर्णीय मुलांना उत्तम शिकवणाऱ्या शिक्षकांचा अभ्यास करून त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या: मुलं खरोखर शिकली पाहिजेत, त्यांची संस्कृती त्यांच्यापासून सुटता कामा नये आणि आजूबाजूच्या व्यवस्थेला प्रश्न विचारता आले पाहिजेत. आपल्याकडे यातली मधलीच उचलली जाते. भिंतीवर वारली चित्र, गॅदरिंगला कोळीगीत आणि झालं काम. पहिली गोष्ट निसटली तर उरलेल्या दोन्हींचा मुलांना काही उपयोग नाही. मूल इंग्रजी वाचू-लिहू लागलं नाही, तर आपण फक्त गोड वागलो.

वर्गाची चौकशी, पण सांभाळून

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एक पानी कागद द्या. वडिलांचा धंदा, जात, उत्पन्न यातलं काही विचारायचं नाही. ते दाखल्यांच्या फायलीत असतं आणि आपल्याला इथे लागतही नाही. चार प्रश्न पुरतात. घरात कोणाशी कोणत्या भाषेत बोलता? घरातल्या कोणाला असं काय छान येतं जे शाळेत कोणी शिकवत नाही? घरात लिहिलेलं-छापलेलं काय काय असतं? आणि तुम्ही घरच्यांना काय वाचून दाखवता?

शेवटच्या प्रश्नाची उत्तरं मी अजून जपून ठेवली आहेत. मुलं घरी वीजबिल वाचतात, औषधाच्या पट्टीवरची तारीख वाचतात, बँकेचे मेसेज वाचतात, मामाच्या गाडीच्या विम्याचे कागद वाचतात. यातलं बरंचसं इंग्रजीत असतं. वर्गात परिच्छेद वाचताना अडखळणारा मुलगा घरी कुटुंबाचा वाचक असतो, हे कळल्यावर त्याच्याकडे पाहण्याची आपली नजर बदलते. संशोधक लुईस मोल आणि सहकाऱ्यांनी 1992 मध्ये ॲरिझोनातल्या टक्सन शहरात मेक्सिकन वंशाच्या कष्टकरी घरांबद्दल हेच दाखवलं होतं. शिक्षक स्वतः घरी गेले आणि शेती, बांधकाम, दुरुस्ती, औषधपाणी यांच्या ज्ञानाचा साठा पाहून आले.

कागदावरून वहीच्या मागच्या पानावर एक तक्ता करा. माझ्या एका वर्गाच्या तक्त्यात आगरी, कोळी, साताऱ्याकडची मराठी, भोजपुरी, कन्नड आणि एक नेपाळी होती. शाळेच्या नोंदीत मात्र सगळ्यांसमोर 'मराठी माध्यम' एवढंच.

एक चूक टाळा. तक्ता झाला की आपण मुलांवर शिक्के मारायला लागतो: आगरी म्हणजे मासे, माथाडी म्हणजे पाठीवर पोतं. 'आगरी' हा शब्दच आगरावरून, म्हणजे मिठागरावरून आलेला मानतात. मीठ आणि खारजमिनीतला भात हे त्यांचं जुनं काम, मासेमारी प्रामुख्याने कोळ्यांची. शिवाय आज त्या घरातले वडील रबाळ्याच्या कंपनीत मशीन चालवत असतील आणि मुलाने मिठागर पाहिलंही नसेल. "तू सांग, तुमच्यात कसं असतं?" असं भर वर्गात एकाच मुलाला उभं करून विचारू नका. प्रश्न सगळ्यांना टाका, ज्याला सांगायचं तो हात वर करतो.

धड्यात मूल नेमकं कुठे अडतं

नवा धडा घेण्याआधी पेन्सिल घेऊन तो मुलांच्या डोळ्यांनी वाचा आणि अडणाऱ्या जागा तीन प्रकारांत लावा. पहिला प्रकार साध्या शब्दाचा: अर्थ सांगितला की काम झालं. दुसरा प्रसंगाचा: शब्द कळतात, पण बर्फात अडकलेली गाडी किंवा गावातल्या वाचनालयात बसलेली मुलगी डोळ्यांपुढे येत नाही. तिसरा वाक्यरचनेचा. आपण सगळा वेळ पहिल्यावर घालवतो, फळाभर शब्दार्थ लिहितो आणि मुलं ते मुकाट उतरवून घेतात.

दुसऱ्या प्रकारासाठी एक पूलप्रश्न तयार ठेवा. बर्फात अडकण्याचा धडा असेल तर 26 जुलै 2005 च्या पावसाबद्दल घरी विचारून यायला सांगा. कोण कुठे अडकलं, किती चाललं, कोणी चहा दिला. दुसऱ्या दिवशी पाच मिनिटं त्यावर बोलू द्या, ज्याला ज्या भाषेत येतं त्या भाषेत. त्यातून अडकणं, वाट पाहणं, अनोळखी माणसाची मदत हे तीन शब्द इंग्रजीत फळ्यावर आणा आणि मग पुस्तक उघडा. पूलप्रश्न हा पूलच राहू द्या. गप्पा रंगल्या की पस्तीस मिनिटांतली पंचवीस त्यातच जातात. माझी गेली आहेत.

'मला' या एका शब्दाचा तास

तिसऱ्या प्रकारासाठी मला सर्वांत जास्त फळ देणारा तास हा. फळ्यावर पाच मराठी वाक्यं लिहा: मला ताप आला. मला भीती वाटते. मला आठवतं. मला सायकल पाहिजे. मला दोन भाऊ आहेत.

मग प्रत्येकाला आपल्या घरच्या बोलीत ती म्हणायला लावा. आगरी-कोळी घरातलं मूल 'मला'ऐवजी 'मना' म्हणेल, हिंदीवाला 'मुझे' (फक्त भावांच्या वाक्यात 'मेरे'), कन्नड घरातली मुलगी 'ननगे'. शब्द वेगळे, घडण एकच: ताप, भीती, आठवण आपल्याकडे येतात आणि आपण ते घेणारे असतो. हे मुलांना स्वतः शोधू द्या. वर्गातल्या चार-पाच भाषा आतून सारख्याच शिवलेल्या आहेत हे कळलं की कोणाची बोली शुद्ध आणि कोणाची अशुद्ध हा वाद आपोआप मागे पडतो.

आता इंग्रजी वाक्यं शेजारी लिहा: आय हॅव अ फीवर. आय ॲम अफ्रेड. आय रिमेंबर. आय वॉन्ट अ सायकल. आय हॅव टू ब्रदर्स. पाचही 'आय'ने सुरू होतात. इंग्रजी माणसाला पुढे उभं करते, आपल्या भाषा त्याला 'ला' लावून बाजूला बसवतात. मुलं 'टू मी फीवर केम' असं का लिहितात, याचं उत्तर इथे आहे. ती चूक बिनडोकपणाची नाही, घरच्या भाषेचा नियम प्रामाणिकपणे पाळल्याची आहे. वहीत अशी चूक दिसली की मी लाल फुलीऐवजी समासात नुसतं 'ला' लिहिते. पोरांना बरोबर कळतं.

हाच धागा पुढे नेता येतो. मराठीत क्रियापद शेवटी येतं, इंग्रजीत लवकर, म्हणून लांब वाक्य वाचताना आधी कर्ता आणि क्रियापद यांखाली रेघ मारायची सवय लावा. 'अ' आणि 'द' आपल्याकडे नाहीतच, तर ते पहिल्या महिन्यात बिनचूक यावेत ही अपेक्षा सोडून द्या.

उच्चारांबद्दल थोडक्यात. 'पाणी'ला 'पानी' आणि 'काळा'ला 'काला' म्हणतो म्हणून ज्याला मराठीच्या तासाला हसतात, त्याला इंग्रजीत काहीच तोटा नाही. इंग्रजीत ळ नाही आणि आपल्यासारखा ण नाही. हे वर्गात मोठ्याने सांगा. 'शाळा'ला 'साळा' म्हणणाऱ्याला मात्र सराव हवा, कारण 'शीट' आणि 'सीट' वेगळे आहेत. आणि 'झू' म्हणायला लावताना घाबरवू नका. 'जाड'मधला ज त्याच्या जवळ आहे, 'जीव'मधला ज 'जून'साठी आहे. दोन्ही त्याच्या तोंडात आधीपासून आहेत.

आजीचं मिठागर आणि पॅसिव्ह व्हॉइस

कर्मणी प्रयोग आपण कसा शिकवतो? राम आंबा खातो, आंबा रामाकडून खाल्ला जातो. असं कोणी कधी बोलतं का? मुलं नियम पाठ करतात, पण हे रूप मुळात कशाला लागतं ते त्यांना कळत नाही. याला तीन तास द्या.

पहिला तास ऐकण्याचा. कोणाच्या तरी घरातल्या मोठ्या माणसाने एखादी कृती सांगितलेली मुलांनी फोनवर रेकॉर्ड करून आणायची, दोन-तीन मिनिटं, घरच्याच बोलीत. आमच्या वर्गात एका आजीने मिठागराचं सांगितलं: भरतीचं खारं पाणी बांधाच्या उघाडीतून आत कसं घ्यायचं, एका कप्प्यातून दुसऱ्यात कसं फिरवायचं, उन्हाने ते कसं आटतं, मीठ धरलं की कसं ओढायचं आणि ढीग कसे लावायचे. दुसऱ्या एकीने तांदळाची भाकरी सांगितली. ठाण्याच्या बाजूला शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणीच्या वर्गात येऊरच्या पाड्यावरच्या मुलाने शेवळाची भाजी आणली: पावसाच्या तोंडावर शेवळं उगवतात, घशाला खाज येऊ नये म्हणून त्यात काकडं ही रानफळं घालावी लागतात. तिच्या वर्गातल्या घोडबंदरच्या इमारतींतल्या मुलांना काकडं हा शब्दच माहीत नव्हता. त्या दिवशी त्यांनी वहीत शब्दार्थ लिहून घेतला, त्या मुलाकडून.

दुसऱ्या तासाला जोड्या करा. ऐकलेलं बोलीतच लिहून काढा, क्रियापदांना गोल करा. तुम्ही इंग्रजी क्रियापदं पुरवा: लेट इन, फ्लो, ड्राय, स्क्रेप, हीप. फर्स्ट, देन, आफ्टर दॅट, फायनली हे चार शब्द दोरीसारखे द्या. उघाडी, आगर, शेवळं, काकडं यांना इंग्रजी शब्द शोधत बसू नका. मूळ शब्द तसाच ठेवून पुढे एका वाक्यात समजावून सांगणं, हे स्वतंत्र लेखनकौशल्य आहे आणि ते शिकवण्याजोगं आहे.

तिसऱ्या तासाला प्रश्न टाका: कृती सांगताना कोण करतं हे महत्त्वाचं की काय होतं हे? मग 'वॉटर इज लेट इन टू द पॅन्स', 'द सॉल्ट इज स्क्रेप्ड' अशी वाक्यं मुलांकडून काढून घ्या. कर्मणी प्रयोग इथे गरजेपोटी येतो, म्हणून पक्का बसतो.

आमच्याकडे याच तासाला एका मुलाने फळ्याकडे पाहून विचारलं, "बाई, पण यात आजी कुठे गेली?" खरंच, आजी नव्हती. उन्हात उभं राहून मीठ ओढणारी बाई वाक्यातून नाहीशी झाली होती. मी ठरवलेलं सगळं बाजूला ठेवून दुसरं वाक्य लिहिलं: 'द लँड वॉज ॲक्वायर्ड.' कोणी घेतली? कोणाची घेतली? वाक्यात दोघंही नाहीत. त्या वर्गातल्या अर्ध्या मुलांच्या घरी गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळायच्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाच्या, जमिनीसाठीच्या 1984 च्या आंदोलनाच्या आणि त्याचे नेते दि. बा. पाटील यांच्या गोष्टी सांगितल्या जातात. घरचं काम मुलांनी मागून घेतलं: तेच वाक्य कर्त्यासकट आणि ज्याची जमीन त्याच्यासकट पुन्हा लिहायचं. काहींनी बाजूने लिहिलं, काहींनी विरोधात, एकाने लिहिलं की त्याच्या काकांना जमीन गेली म्हणून नोकरी मिळाली. मी मत दिलं नाही. व्याकरण मात्र सगळ्यांचं तपासलं.

लॅडसन-बिलिंग्ज यांची तिसरी गोष्ट, व्यवस्थेला प्रश्न विचारण्याची, मला तोवर पुस्तकी वाटायची.

बाकीचं लेखन आणि दहावीची कृतिपत्रिका

हे सगळं ऐकून सहकारी हमखास विचारतात, दहावीला 80 गुणांची कृतिपत्रिका, म्हणजे प्रश्नपत्रिका, आहे, हे लाड कधी करायचे? वेगळा वेळ काढायचाच नाही. कृतिपत्रिकेचे जे प्रकार आहेत, त्यांच्यातच घर भरायचं.

माहिती-रूपांतराच्या कृतीसाठी वाशीच्या बाजार समितीचा भावफलक आणा. आवक, किमान दर, कमाल दर, सर्वसाधारण दर असे रकाने तयारच असतात. कांद्याचा चार दिवसांचा तक्ता द्या आणि परिच्छेद लिहायला सांगा. माथाडी कामगारांच्या मुलांना आवक वाढली की दर का पडतो हे तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. त्यांना फक्त 'फॉल', 'राइज', 'रिमेन स्टेडी' एवढं द्यायचं.

बातमीलेखनासाठी गावदेवीची जत्रा, नारळी पौर्णिमा, बिरुदेवाची यात्रा, छठपूजा, जे ज्याने पाहिलं ते. कोण, काय, कुठे, कधी, का, कसं हे सहा प्रश्न समासात. एखाद्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मांडायला खाडीकाठी भरपूर आहे: ठाणे खाडीच्या फ्लेमिंगो अभयारण्याला 2022 मध्ये रामसर दर्जा मिळाला, त्याच खाडीवर कोळीवाड्यांचं पोट आहे आणि त्याच काठावर घरंही बांधायची आहेत. औपचारिक पत्र खऱ्या विभाग कार्यालयाला लिहायला लावा, शाळेसमोरच्या झेब्रा क्रॉसिंगबद्दल किंवा बंद दिव्याबद्दल. पाठवायचं असेल तर मुख्याध्यापकांची सही आधी घ्या, नंतर नको.

कवितेच्या रसग्रहणासाठी मी धवल्यांचा आधार घेते. आगरी लग्नांत धवलारीण धवले गाते, आणि त्यात ओळ फिरून फिरून येते. साताऱ्याकडच्या मुलांना जात्यावरच्या ओव्या आठवतात, भोजपुरी घरातल्यांना सोहर, म्हणजे बाळाच्या जन्माची गाणी. 'रिफ्रेन' आणि 'रिपिटिशन' यांची व्याख्या पाठ करण्याआधी ते कानाने ओळखीचे होतात. गाऊन दाखवायची सक्ती नको. वर्गात हशा झाला तर ते मूल वर्षभर तोंड उघडत नाही.

रस्त्यावरच्या पाट्या वाचायचा उपक्रमही छान आहे, स्टेशनची नावं तीन भाषांत असतात, स्पेलिंगवर चर्चा होते. पण दुकानांच्या पाट्यांतल्या चुका शोधायला लावू नका. मी लावल्या होत्या आणि त्यांतली एक पाटी तिसऱ्या बाकावरच्या मुलीच्या वडिलांनी स्वतः रंगवलेली निघाली.

तपासणी

तपासताना दोन पेनं ठेवा. निळ्याने मजकुरावर एक खरा प्रश्न लिहा ('ओढा आटल्यावर पाणी कुठून आणता?'), लालने एका वेळी एकाच प्रकारच्या चुका दाखवा. या आठवड्यात फक्त क्रियापदाचा काळ, पुढच्या आठवड्यात फक्त 'ला'. साठ वह्यांत सगळ्याच चुका दाखवायला गेलं तर आपणही थकतो आणि मूल फक्त लाल रंग मोजतं. पण सूट देऊ नका. घरचा विषय आहे म्हणून ढिसाळ इंग्रजीला पूर्ण गुण दिले तर मूल वर्गात खूश होतं आणि वर्षाच्या शेवटी परीक्षेत पडतं. दुसरा खर्डा हवाच, सहामाहीनंतर तिसराही.

पालक आणि रेकॉर्डिंग

पालकसभेत कोणी ना कोणी विचारणारच: "मॅडम, इंग्रजीच्या तासाला आमची भाषा कशाला? ती घरी येतेच की." रागावू नका, त्यांची भीती खरी आहे. शेजारच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेची बस रोज त्यांच्या दारावरून जाते. मी त्यांना जूनची आणि नोव्हेंबरची वही शेजारी ठेवून दाखवते. वही नसेल तर बोलू नका, भाषणाने कोणाचं समाधान होत नाही.

ज्या आजी-आजोबांचं बोलणं रेकॉर्ड केलं, त्यांना आधी सांगा की ते वर्गात ऐकवणार आहात. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचं नाही. वर्ष संपलं की इंग्रजीत लिहिलेला मजकूर मुलाच्या हस्ताक्षरात एका कागदावर उतरवून घ्या, तो त्या घरी पाठवा आणि फोनमधला आवाज पुसून टाका.